नवशिक्याला मिंट, जाणत्याला आर्च?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, आणि भोसरी एमआयडीसीच्या टी ब्लॉक, एस ब्लॉकपासून थेट चाकणच्या फेजांपर्यंत छोट्या कारखानदारांपुढे एक प्रश्न उभा राहिला. शेडमधला पीसी ठणठणीत आहे, पण विंडोज ११ तो घेत नाही. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. चालता पीसी भंगारात काढायचा, की त्यावर लिनक्स टाकायचं? आणि टाकायचं तर कुठलं, म्हणजे त्याच्या अनेक तयार अवतारांपैकी, डिस्ट्रोंपैकी, कुठला?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं एकाच साच्यातून निघत आलं आहे. विचारणारा नवखा असेल तर उबुंटू किंवा मिंट, थोडा मुरलेला असेल तर फेडोरा, हाडाचा असेल तर आर्च, आणि सर्व्हर म्हटलं की रेड हॅटच्या घराण्यातलं काहीतरी. हा सल्ला कॉलेजातला मित्र देतो, हार्डवेअरवाला देतो, यूट्यूबवरचा जाणकारही देतो. निकष सगळ्यांचा एकच, वापरणाऱ्याची तयारी किती.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त आहे. या पूर्वपक्षात ताकद आहे. १९९३ साली स्लॅकवेअर आणि डेबियन निघाले तेव्हा लिनक्स बसवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. मॉनिटरची आकडेवारी हाताने भरावी लागे, मोडेम लागला तर नशीब. ऑक्टोबर २००४ मध्ये पहिला उबुंटू आला आणि त्याने हा उंबरठा खाली आणला. पुढे काही वर्षं तर त्याच्या सीडी टपालाने घरपोच फुकट मिळत, आणि पुण्यातल्या अनेक विद्यार्थ्यांनी आयुष्यातलं पहिलं लिनक्स त्याच सीडीवरून टाकलं. पहिल्याच दिवशी स्क्रीन काळी पडली की माणूस कायमचा परत फिरतो, म्हणून त्याला सोपं ते द्यावं. जो मुरला आहे त्याला मोकळीक हवी असते, म्हणून त्याला आर्च. यात गैर काय? घरात बसून स्वतःच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या पोरासाठी काहीच गैर नाही. हा सल्ला त्याच्यासाठीच जन्मला आणि त्याच्यापुरता तो खरा आहे.

गाडं अडतं ते हाच सल्ला उचलून शेडमध्ये आणला की. कारण त्याच्या पोटात एक गृहीत लपलेलं आहे. निवडणारा, वापरणारा आणि बिघडल्यावर निस्तरणारा हा एकच माणूस आहे, असं तो धरून चालतो. लॅपटॉपवाल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते खरं असतं. टायर-२ किंवा टायर-३ व्हेंडरच्या युनिटमध्ये मात्र हे तीन वेगवेगळे लोक असतात. पैसे मालक देतो. वापरतो ऑपरेटर, आणि तोही तिन्ही शिफ्टला वेगळा. निस्तरतो तो एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेतलेला माणूस, ज्याच्याकडे असे पंचवीस-तीस पत्ते असतात आणि जो फोन केल्यावर ‘दुपारनंतर येतो’ म्हणतो. आता ‘नवशिक्याला सोपं’ म्हणजे यांपैकी कोणाला सोपं? ऑपरेटरला दिवसभर एकच खिडकी दिसते. त्याला प्रोग्रॅम निवडायचा असतो आणि पाठवायचा असतो. त्या खिडकीमागे मिंट आहे की आर्च, हे त्याला कळतही नाही आणि कळायची गरजही नाही. सोपेपणाचा जो निकष आपण एवढा घासूनपुसून वापरतो, तो इथे ज्याच्यासाठी लावायचा तो माणूसच जागेवर नाही.

मग शेडमध्ये निवड कशावर ठरते? एक उदाहरण जवळून बघू. भोसरीतल्या कुठल्याही टूलरूममध्ये जुन्या फॅनुक कंट्रोलची एखादी व्हीएमसी (उभं मशीनिंग सेंटर) सापडते. कंट्रोलची मेमरी तुटपुंजी, आणि साच्याचा प्रोग्रॅम लाखभर ओळींचा. तो एकदम मावत नाही, म्हणून पीसीवरून थोडा थोडा सोडत राहायचा. याला ड्रिप फीड म्हणतात. पीसी आणि मशीन यांच्यात आरएस-२३२ ची केबल असते. ४८०० किंवा ९६०० बॉड, सात बिट, इव्हन पॅरिटी. मशीनचा बफर भरला की मशीन ‘थांब’ असा संकेत पाठवतं, रिकामा झाला की ‘सोड’. चाळीस वर्षांपूर्वीची पद्धत आहे आणि आजही बिनतक्रार चालते. नव्या पीसीला सीरियल पोर्ट नसतो, तेव्हा बाजारातून यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर आणला जातो. स्वस्तातल्या बहुतेकांत सीएच-३४० नावाची चिनी चिप असते.

आता या पीसीवर रूढ सल्ल्याप्रमाणे उबुंटू २२.०४ टाका. इन्स्टॉलेशन वीस मिनिटांत, दिसायला देखणं, कन्व्हर्टर लावला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला ओळखतो, पोर्ट तयार होतो, आणि पुढच्याच क्षणी गायब होतो. वायर बदला, कन्व्हर्टर बदला, पुन्हा तेच. कारण असं की त्या आवृत्तीत ब्रेल-टीटीवाय नावाचा प्रोग्रॅम आधीपासून बसवलेला येतो. अंधांसाठीच्या ब्रेल पट्ट्या जोडणारा हा मोठा उपकारक प्रोग्रॅम आहे. पण काही ब्रेल पट्ट्यांतही हीच चिप असल्याने तो आपल्या कन्व्हर्टरलाच ब्रेल पट्टी समजतो आणि स्वतःच्या ताब्यात घेतो. कर्नलची नोंद वाचली तर तिथे सरळ लिहिलेलं सापडतं की हे उपकरण ब्रेल-टीटीवायने घेतलं. तो काढून टाकायला एक आज्ञा पुरते. पण ती नोंद वाचायची कोणी? ऑपरेटरने? रात्रपाळीच्या सेटरने? इथे सगळ्यात सोपा म्हणून निवडलेला डिस्ट्रो मशीन उभं करून ठेवतो, आणि त्याचा वापरणाऱ्याच्या नवखेपणाशी तिळमात्र संबंध नसतो.

कोणी म्हणेल, मग जाणत्याने आर्च टाकावा. टाकू दे. आर्चवर सीरियल पोर्टची परवानगी यूयूसीपी नावाच्या गटाकडे असते, तर डेबियन, उबुंटू आणि फेडोरावर ती डायलआउट गटाकडे. एएमसीवाल्याला पाठ असलेली कृती डायलआउटची. आर्चवर तो ती करतो, पोर्ट ‘परवानगी नाही’ म्हणतो, आणि तो हात वर करून निघून जातो. ज्या पोराने आर्च टाकला तो तोवर हिंजवडीत नोकरीला लागलेला असतो. जाणत्याने आपल्या जाणतेपणाच्या मापाने शिवलेला अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर बसत नाही, आणि शेडमध्ये तो घालायची वेळ नेमकी दुसऱ्यावरच येते.

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. ज्याला कोणाला मशीनशी जोडलेल्या पीसीला हात लावायचा आहे त्याने तो गुरुवारी लावावा. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला मशीन चालू झालंच पाहिजे, कारण शनिवारची डिस्पॅच चाकणच्या असेंब्ली लाइनला जायची असते. आर्चसारख्या रोलिंग डिस्ट्रोत नवी आवृत्ती असा प्रकारच नसतो. रोज काही ना काही बदलत राहतं, आणि अर्धवट अपडेट चालत नाही, करायचं तर सगळं करायचं. महिनाभर राहून गेलं की एका गुरुवारी शेकडो पॅकेजेस एकदम बदलणार. घरी हे मजेचं असतं. जिथे बदलासाठी आठवड्यातून एकच दिवस मिळतो, तिथे ज्याच्या बदलाला वेळापत्रक नाही असा डिस्ट्रो घेणं म्हणजे हौसेने संकट अंगावर घेणं आहे.

उबुंटूही इथे सर्वस्वी निर्दोष नाही. २२.०४ पासून त्यातला फायरफॉक्स फक्त स्नॅप या वेगळ्या पॅकेज-पद्धतीने येतो, आणि स्नॅप स्वतःहून दिवसातून अनेकदा नवी आवृत्ती आली का ते बघतो. डिस्पॅचवाला ई-वे बिल भरत असताना ‘अपडेटसाठी ब्राउझर बंद करा’ अशी पाटी वर आली की त्याची काय भाषा असते ते इथे छापता येणार नाही. स्नॅपची वेळ गुरुवारवर बांधून देता येते, पण ते करावं लागतं हे माहीत हवं. लिनक्स मिंटने २०२० पासून स्नॅप मुळातच बाजूला ठेवला आहे. ऑफिसच्या टेबलासाठी मिंट घ्यावा असं मीही म्हणेन, पण ते यासाठी. तो नवशिक्यांचा आहे म्हणून अजिबात नाही.

आता मुदतींचा हिशेब. व्हीएमसी पंधरा-वीस वर्षं उभी असते. तिच्यामागचा पीसी मरेपर्यंत बदलला जात नाही. या पार्श्वभूमीवर आकडे बघा. फेडोराच्या एका आवृत्तीला सुमारे तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने, एलटीएसला (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला) पाच वर्षं आणि प्रो योजनेत दहा, पाच यंत्रांपर्यंत मोफत. डेबियनला पूर्ण आधार साधारण तीन वर्षं, नंतर एलटीएस धरून पाच. रेड हॅटच्या घराण्यातल्या अल्मा आणि रॉकीला दहा वर्षांच्या आसपास. म्हणजे ‘थोडा मुरलेला असेल तर फेडोरा’ या वाक्याचा शेडमधला अर्थ असा की वर्ष-सव्वा वर्षाला एक गुरुवार संपूर्ण आवृत्ती बदलण्यात घालवा. वापरणारा कितीही मुरलेला असला तरी हा गुरुवार त्याला परत मिळत नाही.

यावर एक खरोखर जड आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुदतींच्या आश्वासनांवर विसंबायचं कसं? सेंटओएसचं काय झालं? रेड हॅटची फुकट प्रतिकृती म्हणून हजारो संस्थांनी तो घेतला. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार असं सगळे धरून होते. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. आठ वर्षांचा भरवसा वर्षभरात गुंडाळला गेला. पुढे जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मूळ संहितेचं खुलं प्रकाशनही आवळलं. तेव्हा दहा वर्षांच्या बाता ऐकून डिस्ट्रो निवडणारा शहाणा कसा?

हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सेंटओएसवाल्यांचं नंतर काय झालं ते बघा. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आला, जूनमध्ये रॉकी. दोघेही त्याच घराण्यातले. एक स्क्रिप्ट चालवून, पीसी फॉरमॅट न मारता, चालू यंत्रावरच सेंटओएसचा अल्मा किंवा रॉकी करता आला. पॅकेज आरपीएमच, फायली त्याच जागी, शिकलेली कृती तीच. डिस्ट्रोचं नाव बुडालं, घराणं तरलं. म्हणून निवडताना पाटीपेक्षा घराणं बघावं. डेबियनच्या बाजूला डेबियन, उबुंटू, मिंट हे एक कूळ, रेड हॅटच्या बाजूला अल्मा, रॉकी, फेडोरा हे दुसरं. आणि आश्वासन कोण देतो आहे तेही बघावं. डेबियनच्या मागे कंपनी नाही, १९९३ पासून चालत आलेला स्वयंसेवकांचा समुदाय आहे. त्याला कोणी विकत घेऊन धोरण बदलू शकत नाही. त्याची गती मंद आहे, वाद लांबतात, पण शेडमधल्या पीसीसाठी मंद गती हा गुणच आहे.

‘डेबियनमधलं सॉफ्टवेअर शिळं असतं’ ही तक्रार नेहमीची. ड्रॉइंग ऑफिसमध्ये ती खरी ठरू शकते. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, आणि डेबियन १२ त्याच्या सुमारे दीड वर्ष आधीचा. पण ज्याला नवा फ्रीकॅड हवा त्याला तो फ्लॅटपॅक किंवा ॲपइमेजच्या रूपाने वेगळा मिळतो, त्यासाठी पायाच दर महिन्याला उपसण्याची गरज नाही. आणि ड्रिप फीडच्या प्रोग्रॅमला नवेपणाचं काय कौतुक? त्याच्या दुसऱ्या टोकाचा कंट्रोलच मागच्या शतकातला आहे.

आता रूढ मताच्या अगदी उलट टोकाला एक मत आहे, त्याचाही समाचार घ्यायला हवा. ते म्हणतं, कर्नल एकच, मग सगळे डिस्ट्रो सारखेच, फरक फक्त वॉलपेपरचा. शेडमधल्या जुन्या पीसीपुढे हे मत अर्धा तासही टिकत नाही. रेड हॅट ९ ला प्रोसेसरची जी पातळी लागते ती कोअर टू डुओकडे नाही, कारण त्यात एसएसई ४.२ नाही. रेड हॅट १० आणखी वरची पातळी मागतो. त्याला एव्हीएक्स-२ लागतं, जे इंटेलने २०१३ च्या हॅसवेलपासून दिलं, आणि स्वस्त पेंटियम-सेलेरॉनमध्ये तर त्यानंतरही बराच काळ नव्हतं. अल्माने हे ओळखून १० व्या आवृत्तीची जुन्या पातळीची वेगळी बांधणीही ठेवली, रेड हॅटने ठेवली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. म्हणजे कर्नल एकच असूनही एकाच टेबलावरचा पीसी एका डिस्ट्रोवर चालतो आणि दुसऱ्यावर सुरूच होत नाही. पीसीच्या प्रोसेसरचं नाव विचारल्याशिवाय जो डिस्ट्रो सुचवतो त्याचं ऐकू नये, इतकं साधं आहे हे.

तीच गोष्ट प्रिंटरची. आपल्याकडच्या ऑफिसांत कॅननचा एलबीपी २९०० न पाहिलेला माणूस विरळा. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या खास भाषेत बोलतो. लिनक्ससाठी कॅननने ड्रायव्हर दिला तो डेब आणि आरपीएम या दोन रूपांत, आणि ६४-बिट यंत्रावरही त्याला ३२-बिट लायब्ररी लागतात. चलन छापायला हाच प्रिंटर असेल तर या दोन घराण्यांच्या बाहेरचा डिस्ट्रो घेणाऱ्याला ती पॅकेजेस खोलून पुन्हा बांधत बसावं लागतं. खोक्यावर चिकटवलेलं ते मॉडेलचं नाव निवडीच्या वेळी वाचलं जात नाही, आणि मग ट्रक गेटवर उभा असताना वाचावं लागतं.

मोठ्या कंपन्यांच्या आणि त्यांच्या डिझाइन व्हेंडरांच्या बाजूला तर निवड बरीचशी हातातच नसते. अन्सिससारखं विश्लेषणाचं सॉफ्टवेअर आपण कुठल्या सिस्टिमवर तपासलं आहे याची यादी प्रसिद्ध करतं, आणि त्या यादीत रेड हॅट, सुसे अशी मोजकीच नावं असतात. यादीबाहेरच्या डिस्ट्रोवर ते चालेलही. पण सॉल्व्हर मध्येच कोसळला आणि मदत मागितली की पहिला प्रश्न येतो तो डिस्ट्रोचा. लाखांचा परवाना घेऊन पाच मिनिटांच्या हौसेपायी त्याची मदत गमावणं कुठल्या हिशेबात बसतं? उलट ओपनफोम या मोफत प्रवाह-विश्लेषणाच्या संचाचं फाउंडेशन तयार पॅकेजेस देतं ती उबुंटूसाठी. म्हणजे एकाच इंजिनिअरला एका कामासाठी एक घराणं आणि दुसऱ्या कामासाठी दुसरं, हे शक्य आहे. माणूस तोच, त्याची तयारी तीच, तरी उत्तर बदललं.

लिनक्सवरच मशीन चालवायचं असेल तर बाब आणखी टोकदार होते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेतल्या एका प्रकल्पातून वाढलेला लिनक्सएनसी आज जुन्या मशीनचं रेट्रोफिट करणाऱ्यांच्या हाती आहे. त्याची तयार प्रतिमा डेबियनवर बेतलेली असते आणि डेबियन १२ पासून तो डेबियनच्या भांडारातच आहे. त्याला रिअल-टाइम कर्नल लागतो. वर्षानुवर्षं वेगळा पॅच म्हणून जगलेला प्रीएम्प्ट-आरटी नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ कर्नलमध्ये अखेर मुख्य धारेत आला, आणि तोच ६.१२ डेबियन १३ मध्ये आहे. लिनक्सएनसीसोबत येणारी लेटन्सी चाचणी पंधरा-वीस मिनिटं चालवायची, त्याच वेळी स्क्रीनवर खिडक्या उघडझाप करायच्या, मोठी फाइल कॉपी करायची, आणि मायक्रोसेकंदांचा आकडा कुठवर उसळतो ते बघायचं. पीसीच थेट स्टेपरला पल्स देणार असेल तर तो वीसच्या आत राहिला तर उत्तम, शंभरच्या पुढे गेला तर त्या पीसीचा नाद सोडावा. इथे मदरबोर्ड आणि बायोसचा वाटा डिस्ट्रोपेक्षाही मोठा असतो. ही चाचणी माणसाची नाही, पीसीची परीक्षा घेते.

एक भावनिक मतही अधूनमधून पुढे येतं. कारखाना मराठी माणसाचा, मग लिनक्स स्वदेशी घ्यावं, मराठीला जवळचं घ्यावं. सी-डॅकचा बॉस लिनक्स आहे. सी-डॅक १९८८ साली पुण्यात सुरू झालं, बॉस मात्र त्याच्या चेन्नई केंद्रात घडला आणि तो डेबियनवरच उभा आहे. सरकारी कचेरीत त्याला अर्थ आहे, कारण तिथे सी-डॅकचा माणूस येतो. शेडमध्ये येणारा माणूस सी-डॅकचा नसतो. दुरुस्ती मुळात डेबियनमध्ये होते आणि मग पुढे सरकते. मधला टप्पा वाढवण्यापेक्षा सरळ डेबियन घेतलेला बरा. मराठीचं म्हणाल तर टंकलेखनाचा आयबस आणि इनस्क्रिप्ट कळफलक प्रत्येक मुख्य डिस्ट्रोत मिळतात. रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएलखाली मोकळे केलेले लोहित टंक तर डेबियनच्या भांडारातही आहेत. मराठी टंकलेखन हा डिस्ट्रो निवडीचा निकष वीस वर्षांपूर्वी होता, आज राहिलेला नाही. जुन्या नॉन-युनिकोड टंकांतली कोटेशनं कशी उघडायची हा प्रश्न खरा आहे, पण तो कुठल्याच डिस्ट्रोने सुटत नाही.

तर मंडन असं. शेडसाठी डिस्ट्रो निवडताना पहिल्यांदा विचारायचं ते असं की बिघडल्यावर कोण येणार आणि त्याच्या हाताला कुठलं घराणं बसलं आहे. हे ऐकून काही जाणकार नाक मुरडतील, कारण यात तांत्रिक श्रेष्ठत्वाला जागाच राहत नाही. पण कॉम्प्रेसर घेताना मालक हेच करतो. कॅटलॉगमधले आकडे तो दहा मिनिटं बघतो, आणि सर्व्हिस इंजिनिअर भोसरीत बसतो की नाशकात, हे अर्धा तास विचारतो. संगणकाच्या बाबतीत तोच मालक ‘सध्या चांगलं कुठलं चाललंय?’ एवढंच विचारून मोकळा होतो. केरळच्या शाळांचं उदाहरण इथे बोलकं आहे. तिथल्या आयटी@स्कूल प्रकल्पाने, जो २०१७ पासून काइट या नावाने चालतो, राज्यभरच्या शाळांना एकच लिनक्स दिलं. ते आधी डेबियनवर होतं, पुढे उबुंटूवर आलं. पाया बदलला तरी गाडा चालू राहिला. शिक्षक तर जवळजवळ सगळेच नवखे होते. त्यांना तारलं ते त्याच डिस्ट्रोवर घेतलेल्या प्रशिक्षणाने, त्यावरच लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांनी आणि निस्तरायला बांधील असलेल्या संस्थेने.

भोसरी-चाकण पट्ट्यात आज एएमसीवाल्यांच्या हाताला डेबियनचं घराणं बसलेलं आहे, असा माझा अनुभव. म्हणून मशीनमागच्या पीसीला डेबियन, ऑफिसच्या टेबलाला मिंट, आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या यादीने भाग पाडलं तिथेच अल्मा किंवा रेड हॅट. टॅलीचा पीसी विंडोजवरच ठेवावा. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनवर ते ओढूनताणून चालवून मार्चअखेरीला अकाउंटंटचे शिव्याशाप घेण्यात काही पुरुषार्थ नाही. दहातले नऊ पीसी लिनक्सवर आणि एक विंडोज ११ वर, यात कोणाची हार होत नाही.

एक शेवटचा आक्षेप राहतो. एवढ्याशा पीसीसाठी मुदती आणि घराणी बघत बसायला वेळ कोणाला आहे? तो वेळ आता ग्राहकच काढायला लावतो. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज-बेंझ आहे. जर्मन वाहन उद्योगाने माहिती-सुरक्षेसाठी २०१७ मध्ये टिसॅक्स ही तपासणीची पद्धत आणली, आणि त्यांच्या पुरवठादारांना ती करून घ्यावी लागते. ऑडिटर तिथे विचारतो, या संगणकाला सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार आहेत, त्या कोण लावतो, शेवटच्या कधी लावल्या. ऑपरेटर नवशिका आहे की जाणता, हा प्रश्न त्याच्या कागदावर कुठेच नसतो. ड्रॉइंगची फाइल जपणारा पीसी मुदत संपलेल्या सेंटओएस ७ वर असेल, आणि तो ३० जून २०२४ लाच संपला, तर त्यापुढे मारलेला शेरा पुसायला नवा वॉलपेपर कामाला येत नाही.

शिवाय निवडीची जागाही सरकते आहे. नव्या मशीनच्या एचएमआयमध्ये (ऑपरेटरच्या पडद्यात), गेटवेमध्ये, कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या यंत्रात लिनक्स आधीच बसवलेलं येतं, पुष्कळदा योक्टो या साधनाने उत्पादकाने स्वतः बांधलेलं, ज्याला डिस्ट्रोचं ओळखीचं नावही नसतं. तिथे मालकाला निवड करण्याची एकच संधी मिळते, ती परचेस ऑर्डरवर सही करताना. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधनं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यानुसार उत्पादकाला आपल्या डिजिटल उपकरणासाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत आधी जाहीर करावी लागेल, आणि ती साधारणपणे पाच वर्षांहून कमी चालणार नाही. इथे बनून युरोपात जाणाऱ्या कंट्रोलरला आणि सेन्सरलाही हे लागू आहे. म्हणजे जो प्रश्न आपण सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला विचारायला हवा होता, तो आता आपला ग्राहक आपल्याला विचारणार आहे. आपल्या परचेस ऑर्डरच्या छापील अटींमध्ये डिलिव्हरी आहे, वॉरंटी आहे, पेमेंट आहे. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार, ही ओळ अजून घातलेली नाही.